जीपचं नाक

गेल्या वर्षी भावानं जुन्या छपरीच्या जागेत कोबा करायला घेतला. जमीन उकरली तर एका कोपऱ्यात वीतभर खोल काळी, चिकट ढेकळं निघाली. गवंडी म्हणाला, "इथं काय चूल हुती का?" भाऊ माझ्याकडं बघून हसला. चूल नव्हती. तिथं आमच्या जीपचं मागचं डावं चाक असायचं.

त्या चाकाखालच्या डागानं आमच्या घरातला एक सबंध पावसाळा नासवला होता. त्या डागापायी एक पोर घर सोडून गेलं, आणि ज्यांनी उभ्या जन्मात कुणापुढं मान खाली घातली नाही त्या आमच्या दादांना, म्हणजे वडलांना, ती घालावी लागली. त्याचीच ही हकिकत. पण ती सांगायची तर जीप आमच्या दारात कशी आली ते आधी सांगायला हवं. कारण त्या डागाचं मूळ तिच्या येण्यातच होतं.

आमचं गाव अकोले तालुक्यातलं, राजूरच्या वरच्या अंगाला. पाऊस मुसळधार, भाताची खाचरं आणि चढउताराच्या वाटा. एस.टी. फाट्यापर्यंत यायची. तिथून पुढं पायी नाहीतर बैलगाडी. त्या वाटेनं चारचाकी म्हणून एकच चीज वर येऊ शकायची, ती म्हणजे जीप. आणि जीप आली म्हणजे सरकार आलं.

जीप मुळात लढाईचं वाहन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्कराला हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका लहान कंपनीनं सप्टेंबर १९४० मध्ये पहिला नमुना करून दिला. पुढं विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून लढाई संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा बनवल्या. आपल्याकडची माणसं त्या लढाईत होतीच. आमच्या शेजारच्या संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर जो पराक्रम केला, त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या भागातल्या त्या पिढीच्या शिपायांनी जीप पाहिली ती तिकडं, परमुलखात. गावात एक पेन्शनर होते. ते जीपला गाडी म्हणतच नसत. म्हणायचे, "जनावर हाय ते. चिखलात घाला, दगडात घाला, पाय काढून घेतंय."

लढाई संपता संपता विलीजनं हीच गाडी शेतकऱ्यांसाठी म्हणून विकायला काढली. तिला नांगर जोडा, पट्टा लावून यंत्र फिरवा, बाजाराला जा. लष्करी जीपच्या तोंडावर नऊ उभ्या फटी असत, या मुलकी जीपला सात. त्याच १९४५ साली, २ ऑक्टोबरला लुधियान्यात 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची कंपनी निघाली. फाळणी झाली, भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि पुढं तिथले गव्हर्नर जनरल झाले. इकडं १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. आधी बाहेरून सुटे भाग आणून मुंबईत जीपा जोडल्या जात, मग हळूहळू इथंच बनू लागल्या. उंच बॉनेटची जीप अजून कुणाकुणाला आठवत असेल. तिचं इंजिन जुन्यापेक्षा उंच, म्हणून बॉनेट वर उचललेलं. मॉडेलचं नाव सीजे थ्री बी. आमची जीप तीच, १९६२ सालची.

तिचं साल मला पाठ असायचं कारण वेगळं. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पंचायत समिती आली, बीडीओसाहेब आले आणि साहेबांच्या बुडाखाली जीप आली. आमच्या गावानं पुढची सतरा वर्षं सरकार पाहिलं ते या जीपच्या खिडकीतून. म्हणजे खिडकी नव्हतीच, ताडपत्री होती. हिवतापाची डीडीटी फवारणी जीपमधून आली. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण जीपवर रंगवून आला, तेव्हा बाप्ये रानात पळाले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामाचा हजेरीपट आणि पोरांची सुकडी जीपमधूनच आली, तेव्हा तेच बाप्ये जीपमागं पळाले.

ती चालवायचे ते ड्रायव्हरमामा. मामा कुणाचेच नव्हते, पण सगळ्या तालुक्याचे होते. साहेब बदलत गेले, मामा आणि जीप तीच राहिली.

१९७९ साली जीप लिलावात निघाली. मामाही त्याच वर्षी निवृत्त झाले. त्यांनीच दादांना निरोप धाडला, "घेऊन टाका. दिसती म्हातारी, पण हाडं चांगली हाईत." दादांनी एक खाचर गहाण ठेवून ती घेतली. कागद मिळाले, चावी मिळाली. स्टेपनी मिळाली नाही. आणखीही एक गोष्ट मिळाली नव्हती, पण ती कळायला पाच वर्षं गेली.

दादांनी तिला निळा रंग दिला. कुठं खरचटलं की निळ्याखालून पांढरा दिसायचा, पांढऱ्याखालून राखाडी, आणि मागच्या दारावर एके ठिकाणी लाल त्रिकोणाचं टोक. तीच जीप आता घोटीच्या बाजाराला भात नेऊ लागली, लग्नाची वऱ्हाडं आणू लागली. आणि वरच्या वाड्यांवर कुणी बाई अडली, कुणाला पान लागलं, की रात्रीबेरात्री आमच्या दारात कंदील यायचा. दादा कधी नाही म्हणाले नाहीत. पैसे मिळाले तर मिळाले.

जीपबरोबर घरात आणखी एक जण आला. लांबच्या नात्यातला, आईबाप नसलेला, माझ्याच वयाचा. गॅरेजातल्या पोराला म्हणतात तसं सगळे त्याला बारक्या म्हणायचे. मी शाळेत जायचो, तो जीपखाली जायचा. पाने-हातोडीचं काम तो नुसतं बघून शिकला. झोपायचाही जीपमध्येच.

१९८४ च्या उन्हाळ्यात बॅटरी मेली. नवी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून जीप दोन महिने छपरीत उभी राहिली. आवणीच्या तोंडावर बॅटरी आली, जीप सुरू झाली, आणि आठवडाभरात मागच्या डाव्या चाकाखाली रुपयाएवढा डाग पडला. पुढच्या आठवड्यात बशीएवढा.

जुन्या गाडीखालचा डाग म्हणजे वैद्यापुढं ठेवलेली नाडी. गाडीत सहा तऱ्हेचं पातळ पदार्थ असतंय, आणि प्रत्येकाची जागा, रंग, वास वेगळा. पुढं बॉनेटखाली पाणी पडलं तर रेडिएटर. इंजिनखाली काळं पडलं तर इंजिन ऑइल. मधोमध दाट पडलं तर गिअरबॉक्स. पेट्रोल नाकालाच कळतं. मागच्या ॲक्सलच्या मधे जो लोखंडी भोपळा असतो, डिफरन्शियलचा, त्यात नव्वद नंबरचं ऑइल. ते मधासारखं दाट आणि गंधकासारखं उग्र. आणि चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसली तर ब्रेक ऑइल. ते गळलं तर मात्र जिवाशी गाठ.

दादांनी रात्री जीपखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरली. सकाळी बघितलं तर थेंब चाकाच्या आतल्या बाजूनं, टायरवरून ओघळलेला. "ब्रेक ऑइल," दादा म्हणाले. बारक्यानं चाक काढलं, ब्रेकच्या सिलिंडरचं किट बदललं. डाग थांबला नाही.

मग आईनं सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "एवढं काय डोकं लावताय? पाण्यात टाका. तवंग येतोय का बघा." ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, नव्वद नंबर वर तरंगतं. वाटीत पाणी घेतलं, कागदावरचा थेंब त्यात पिळला. तवंग आला, डाळीच्या आमटीवर येतो तसा. म्हणजे ब्रेक ऑइल नव्हे, भोपळ्यातलं ऑइल. ॲक्सलच्या नळीतून चाकाकडं येत होतं.

ते तसं येऊ नये म्हणून आत सील असतं, रबरी ओठाची कडी. ओठ तेलाच्या बाजूला ठेवून बसवायचं. उलटं बसलं तर तेल अडत नाही. बारक्यानं पुलर लावून हब ओढला, बेअरिंग काढलं, नवं सील बसवलं. लायनर रॉकेलनं धुतले, पॉलिश पेपरनं घासले. आठ-दहा दिवस डाग नाही. दादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग ती रात्र आली. वरच्या वाडीवरून कंदील आला. पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. पाऊस कोसळत होता. दादा, बारक्या आणि मी निघालो. जाताना तासभर चढ, मग ओढा. ओढ्याचं पाणी पार ॲक्सलवर आलं होतं. बाईला आणि तिच्या सासूला मागं बसवून परत उताराला लागलो आणि पहिल्याच वळणावर दादांनी ब्रेक दाबला तर गाडी उजवीकडं ओढली. उजवीकडं दरी. डावं चाक धरतच नव्हतं.

दादा काही बोलले नाहीत. गाडी थांबवली तीच कशीबशी, दगडाच्या आधारानं. फोर व्हील टाकली, लो रेंज टाकली आणि पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता, मुंगीच्या पावलानं तो उतार उतरवला. बारक्या हातात दगड घेऊन चाकाबरोबर पायी चालत होता, गाडी सुटली तर चाकाखाली घालायला. मागं ती बाई ओरडत होती. दवाखान्यात पोचलो तेव्हा फटफटलं होतं. मुलगी झाली. दोघी वाचल्या.

घरी आल्यावर चाक उघडलं. आत तेलाचं डबकं. लायनर भिजून चिंब. दादांचे हात अजून कापत होते. त्यांनी बारक्याला विचारलं, "सील उलटं बसवलं ना?"

"नाही दादा. सरळच बसवलं हुतं."

"मग तेल आलं कुठून? आभाळातून?"

बारक्या पुन्हा म्हणाला, "सरळच हुतं." तेव्हा दादांनी त्याच्या कानाखाली मारली. पाच वर्षांत पहिल्यांदा. रात्रभर तो दगड घेऊन पावसात चालला होता, ते त्या क्षणी कुणालाच आठवलं नाही. मलाही नाही. सील काढताना त्याचा ओठ फाटला, म्हणून ते उलट होतं की सुलट हे बघायलाही उरलं नाही. बारक्यानं पाना जमिनीवर ठेवला, हात पुसले आणि तो निघून गेला. संध्याकाळी येईल असं आई म्हणाली. तो आला नाही.

दादांनी जीप संगमनेरला नेली. तिथल्या मोठ्या मिस्त्रीनं नवं सील घातलं, भोपळ्यातलं ऑइल बदललं. जुनं ऑइल निघालं ते पांढरट, ताकासारखं. "पाणी गेलंय," मिस्त्री म्हणाला. पावसाळ्यात जायचंच, असं सगळ्यांनी धरलं. पंधरा दिवसांत डाग परत. आणि या वेळी उजव्या चाकाखालीसुद्धा.

उजव्या चाकाला बारक्यानं हातही लावला नव्हता. मी तसं म्हणालो. दादांनी ऐकलं, पण ते बोलले नाहीत.

गणपतीच्या दिवसांत ड्रायव्हरमामा आले. निवृत्तीनंतर ते सिन्नरकडं लेकीजवळ राहत. दादा नुकतेच घोटीहून आले होते, इंजिन अजून तापलेलं होतं. मामांनी चहा खाली ठेवला आणि विचारायला सुरुवात केली.

"उभी असताना गळती का चालून आल्यावर?"

दादा थांबले. म्हणाले, "चालून आल्यावर. दोन-तीन दिवस उभी असली तर कोरडी असती."

"एका अंगाला का दोन्ही?"

"आता दोन्ही."

"ऑइल काढलं तवा कसं हुतं?"

"ताकावानी."

मामा उठले, जमिनीवर गोणपाट टाकलं आणि जीपखाली शिरले. मला वाटलं चाक बघतील. त्यांनी चाकाकडं ढुंकून पाहिलं नाही. ॲक्सलच्या नळीवरचा, वरच्या अंगाचा, वाळलेला चिखल चाकूनं खरवडला. तिथं बोटाच्या पेराएवढी पितळी बोंडी होती. आम्ही पाच वर्षं जीपखाली जात होतो, ती कुणी पाहिली नव्हती, कारण सगळे खालून बघायचे आणि ती वर होती. "पोरा, बाभळीचा काटा आण," मामा म्हणाले. काटा आत घातला, फिरवला. फुस्स करून वारा सुटला. झोपलेल्या बैलानं उसासा टाकावा तसा.

"नाक बुजलं हुतं हिचं," मामा म्हणाले.

काट्याला लागून आली ती मातीची गोळी, भाजल्यासारखी कडक, आत कसल्या तरी किड्याचं वाळकं साल. कुंभारमाशीचं घर. त्या बोंडीला, ब्रीदरला, वर एक सैल टोपी असते. ती केव्हा गळून पडली देव जाणे. उन्हाळ्यात जीप दोन महिने उभी होती, तेव्हा माशीला तयार भोक मिळालं.

मग मामांनी समजावलं. गाडी पळाली की भोपळा तापतो. आतली हवा फुगते. ती ब्रीदरमधून बाहेर जायला हवी. तिची वाट बंद झाली की ती तेलाला ढकलते आणि तेल जिथं वाट मिळेल तिथून, सीलच्या ओठातून, चाकात शिरतं. सील नवं असो की जुनं, सुलट असो की उलट. आणि तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा एकदम आक्रसते आणि त्याच ओठातून पाणी आत ओढून घेते. म्हणून ताक. त्या रात्री आम्ही तासभर चढ चढून थेट ओढ्यात शिरलो होतो.

दादांनी विचारलं, "मामा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

मामा खजील झाले. "मी दर आखाडात काट्यानं साफ करायचो. हाताची सवय. सवय कुठं कागदावर लिवत्यात?"

तीच ती न मिळालेली गोष्ट. लिलावात जीप मिळाली, सतरा वर्षं तिला सांभाळणाऱ्या हाताची सवय मिळाली नाही. पुढं नोकरीच्या निमित्तानं मी बरीच हस्तांतरणं पाहिली. पाणीयोजना, बंधारे, शाळांच्या इमारती. कागद चोख असतात. पण कुठली झडप कधी उघडायची, कुठल्या मोरीत दरसाल गाळ बसतो, हे ज्याला ठाऊक तो माणूस आदल्याच महिन्यात निवृत्त झालेला असतो. आणि मग काही बिघडलं की दोष येतो तो शेवटी पाना हातात धरलेल्यावर, कारण डाग त्याच्याच पायाशी पडलेला असतो.

दुसऱ्या दिवशी दादांनी ती मातीची गोळी काड्यापेटीत घातली आणि मला म्हणाले, "चल." बारक्या घोटीला एका गॅरेजात लागल्याचं कळलं होतं. आम्ही गेलो तेव्हा तो ट्रकखाली होता. बाहेर आला, दादांना बघून उभा राहिला, पण पुढं आला नाही.

दादांनी काड्यापेटी उघडून त्याच्यापुढं धरली. "ब्रीदरमधी सापडली. कुंभारीण." मग जरा थांबून म्हणाले, "सील सरळच हुतं."

एवढंच. मान खाली होती. माझ्या वडलांना मी तसं आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

बारक्यानं गोळी बोटात धरली, उलटसुलट केली. मग विचारलं, "टोपी बसवली का वर?"

"नाही."

तो आत गेला, डब्यात हात घालून बराच वेळ शोधत राहिला आणि एक जुनी टोपी घेऊन आला. जीपखाली जाऊन स्वतःच बसवली. दादांनी खिशात हात घातला. बारक्यानं दोन रुपये सांगितले आणि दोनच घेतले.

दादा म्हणाले, "घरी चल." तो म्हणाला, "येईन दिवाळीला." दिवाळीला आला, जेवला, आईच्या पाया पडला आणि परत गेला. राहायला म्हणून तो पुन्हा कधी आला नाही. पुढं त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं. आमच्या जीपचं काम मात्र शेवटपर्यंत त्याच्याकडंच असायचं आणि दर वेळी तो मोजून पैसे घ्यायचा.

जीप विकली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. घेणाऱ्याला दादांनी कागद दिले, चावी दिली, स्टेपनी दिली. मग त्याला हाताला धरून जीपखाली वाकायला लावलं आणि ती बोंडी दाखवली. जवळच्या बाभळीचा एक काटा मोडून त्याच्या हातात दिला. तो माणूस हसला. दादा हसले नाहीत. "दर आखाडात," म्हणाले.

गवंड्यानं ती काळी ढेकळं घमेल्यात भरली. "कुठं टाकू?" त्यानं विचारलं. भाऊ म्हणाला, "बांधाला टाक." मी एक ढेकूळ उचलून नाकाशी धरलं. नव्वद नंबरचा वास अजून होता.